गिरणीच्या जागेवर कलाभवन

तालुक्याच्या पानावर अपघात वाचला जातो, दहावीचा निकाल वाचला जातो, कुणाची उमेदवारी कापली गेली तेही वाचलं जातं. विकास आराखडा वाचला जात नाही. कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांची वार्ताहर म्हणून माझी नोकरी झाली. त्यात मी दिलेल्या बऱ्याच बातम्या आराखड्यांच्या होत्या आणि त्या जाहिरातीखाली उरलेल्या जागेत छापल्या गेल्या. उपसंपादक फोनवर विचारायचा, "यात बातमी काय आहे?" मी सांगायची, एका माणसाचं काम ज्या जागेत चालतं ती जागा नकाशावर दुसऱ्याच रंगाची झाली आहे.

"मग तो ओरडतोय का?"

"नाही. त्याला अजून कळलेलं नाही."

"कळलं की दे."

त्याला कळायचं तेव्हा हरकतीची मुदत संपलेली असायची. बातमी मग मोठी यायची, फोटोसह.

बाहेरच्या माणसासाठी थोडं सांगायला हवं. एखाद्या गावाची नगरपंचायत झाली, की पुढच्या वीस वर्षांत ते कसं वाढणार याचा नकाशा करावा लागतो. राहण्याची जागा पिवळी, व्यापाराची निळी, कारखान्यांची जांभळी, बागांची हिरवी. शाळा, दवाखाना, बाजार यांच्यासाठी काही जागा राखून ठेवतात. राखलेल्या जागेवर आज जे उभं असेल ते पुढेमागे जाणार, असा त्याचा अर्थ. मसुदा प्रसिद्ध होतो, लोकांनी मुदतीत हरकती घ्यायच्या, समितीने त्या ऐकायच्या, मग वरून मंजुरी. कायद्यात सगळं नीट लिहिलेलं आहे. मसुदा लावतात तो मात्र कचेरीतल्या जिन्याखालच्या फलकावर. जिन्याखाली उजेड नसतो. मी नकाशे वाचायला शिकले ते मोबाइलच्या टॉर्चवर.

कलाकार जिथे काम करतो त्या जागेला या नकाशात रंग नाही. घर, दुकान, कारखाना यांतलं काहीच तिला धड लागू पडत नाही. मोहोपाड्याला कारखान्यातून निवृत्त झालेला एक कामगार फायबरचे पुतळे करायचा. रिसॉर्टच्या दारातले हत्ती, बैलजोडी, फेटेवाला. कॉलनीच्या मागे त्याची पत्र्याची शेड होती. शेजाऱ्यांनी वासाची आणि धुळीची तक्रार केली. तक्रार खोटी नव्हती. फायबर घासताना नाकाला रुमाल लावावा लागतो. त्याला सांगण्यात आलं, हा कारखाना आहे, औद्योगिक क्षेत्रात जा. तो तिकडे गेला. तिकडे सांगण्यात आलं, पुतळे करणं हा उद्योग नव्हे, ती कला आहे. आमच्या यादीत ती नाही. तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "ताई, मी नक्की कोन हाय ते तुमी तरी पेपरात छापा." छापलं. त्याने पुढच्याच महिन्यात घासायचं मशीन विकलं. त्याचा एक हत्ती अजून कॉलनीच्या फाटकाशी उभा आहे. सुळे लावायचे राहिले होते, ते राहिलेच.

त्याच सुमारास कळंबच्या बाजूला एका बिल्डरने डोंगराच्या पायथ्याशी 'कलाग्राम' काढलं. निसर्गाच्या कुशीत, कलावंतांसाठी, असं पत्रकात होतं. पत्रकार परिषदेला बटाटवडे होते. मी विचारलं, "आतापर्यंत कोणत्या कलाकाराने प्लॉट घेतला?" बिल्डरने एका दंतवैद्यांचं नाव सांगितलं. ते बासरी वाजवतात म्हणे. कलाग्रामाला रस्ता, वीज, परवानगी यांतलं काहीही अडलं नाही.

आता गिरणीकडे येते. ज्या शहरात ती होती त्याचं नाव मी लिहीत नाही. तिथल्या कचेरीतल्या काही जणांनी मला कागद दाखवले होते आणि त्यांना अजून तिथेच नोकरी करायची आहे.

हा भाताचा मुलूख. पूर्वी इथे भातगिरण्या होत्या. त्यातली एक बंद पडली, यंत्रं भंगारात गेली आणि रिकामी इमारत ग्रामपंचायतीकडे आली. उंच छप्पर, मध्ये एकही खांब नाही, खाली घोटून गुळगुळीत केलेली जमीन. दत्ता पेंटरने ती भाड्याने घेतली. गावोगावच्या नाटकांना तो पडदे पुरवायचा. कर्जत-खालापूरच्या गावांत जत्रेला अजून नाटक होतं. गावातलीच पोरं काम करतात, बाहेरून एखादी नटी आणतात, आणि पडदे मात्र रंगवलेले लागतात. फ्लेक्सवर छापलेलं जंगल स्वस्त पडतं, पण त्यावर लाइट मारला की ते चकाकतं आणि मागच्या प्रेक्षकाला आरसा दिसतो.

नाटकाचा पडदा उभा रंगवत नाहीत. मांजरपाटाचे पट्टे एकमेकांना शिवून तीस फुटांचं कापड करतात, जमिनीवर ताणून कडेने खिळे ठोकतात, त्यावर उकळलेला सरस आणि खडूची पूड यांचा हात देतात. मग रंगारी अनवाणी त्याच्यावरून चालतो आणि बांबूला बांधलेल्या ब्रशने रंगवतो. गिरणीची अर्धी जमीन पडद्याला लागायची. उरलेली अर्धी मोकळी. रंग वाळला की पडदा दोरांनी वर ओढायचा आणि मोकळ्या भागाच्या टोकाला जाऊन बघायचा. शेवटच्या रांगेतला प्रेक्षक जितका लांब बसतो तितकं मागे सरकल्याशिवाय जंगल जमलं की नाही कळत नाही.

दत्ता पेंटर हा गरीब बिचारा माणूस नव्हता. बढाईखोर होता, भांडखोर होता, कोपऱ्यातली त्याची सही झाडाच्या बुंध्यापेक्षा जाड असायची. दरबार आणि रस्ता तो उत्तम करायचा. जंगल त्याला यायचं नाही. त्याचं जंगल बागेसारखं रांगेत उभं राहायचं. ठमी त्याच्याकडे सरस उकळायला रोजावर आली होती. डोंगरातल्या ठाकर आदिवासींच्या वाडीची, तेव्हा नुकतंच लग्न झालेली. एकदा ती त्याचा पडदा बघून हसली. "नाना, ही झाडं रेशनच्या लायनीत उभी हायेत काय?" दत्ताने ब्रश तिच्या अंगावर फेकला. "मंग तू काड, शानी!" तिने काढलं. त्यानंतर गावागावांतून फोन यायला लागले ते 'ठमीचं जंगल' हवं म्हणून. सही दत्ताचीच राहिली. त्यावरून दोघांची भांडणं मी पाहिली आहेत. ती म्हणायची, "जंगल माजं नि नाव तुजं. फारेस्टवाल्यांवानी हाय तुजं, नाना." मग दोघं एकाच डब्यातलं जेवायची.

गावाची नगरपंचायत झाली आणि आराखड्याचं काम एका सल्लागार संस्थेकडे गेलं. ही मंडळी मुंबईहून यायची. त्यांच्या नागरिक संवादाला मी हजर होते. पडद्यावर परदेशातल्या शहरांची चित्रं दाखवली. जुनी गोदामं, त्यांत चित्रकार, बाहेर कॉफी. सल्लागार बाई मनापासून बोलत होत्या, हे नमूद करते. शहराने कलाकाराला आधार दिला पाहिजे, त्याला कामाची जागा मिळाली पाहिजे, नाहीतर शहर म्हणजे नुसत्या इमारती. सगळं बरोबर होतं. दत्ता पेंटर इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून पहिल्या रांगेत होता. बाईंनी त्याला विचारलं, "काका, तुम्हाला नगरपंचायतीकडून काय हवंय?"

"काय नको. हाय ते ऱ्हाऊ द्या."

सभागृह हसलं. बाईही हसल्या. इतिवृत्तात नोंद झाली: स्थानिक कलाकारांनी समाधान व्यक्त केले.

मसुदा जिन्याखाली लागला. टॉर्च घेऊन गेले. भातगिरणीच्या जागेवर आरक्षण होतं आणि पुढे लिहिलं होतं, 'कलाभवन'. ती माहिती माझ्या आधी दत्ताला मिळाली होती. गिरणीत गेले तर तो पेढे वाटत होता.

"घ्या ताई! सरकारला उशिरा का हुईना, पन अक्कल आली."

मी त्याला सांगितलं, की हे कलाभवन गिरणीत होणार नाही. गिरणी पाडून होणार आहे. सोबतच्या अहवालात इमारतीचं वर्णन होतं: तळमजल्यावर प्रदर्शन दालन, शेजारी उपाहारगृह, वर वातानुकूलित सभागृह. तीस फुटांचं कापड अंथरता येईल अशी खोली त्यात कुठेही नव्हती. सरस उकळायची, ब्रश धुवायची, रंग सांडायची सोय नव्हती. शहरात कला दाखवायची जागा राखली होती. ती करायची जागा त्यासाठी पाडायची होती.

दत्ता ऐकायला तयार नव्हता. "ताई, तुमाला समद्यात वाइटच दिसतं. पेपरवाल्यांचा डोळाच तसला. अवो, कला भवन! कलेसाठी बांधनार नि कलाकाराला भाईर काडनार? आसं कुटं आसतं व्हय?"

ठमी कोपऱ्यात डबे घासत होती. ती म्हणाली, "आसतंय, नाना. आमच्या वाडीत आसंच झालं. आमच्यासाठी शाळा बांदली नि आमचीच तीन घरं उटवली. शाळेत मास्तर आलाच नाय."

दत्ताने पेढ्याचा बॉक्स बंद केला.

दत्ताची हरकत मुदतीत दाखल झाली. मागणी एकच होती: कलाभवन कुठेही करा, गिरणी आहे तशी ठेवा आणि नकाशावर तिचा वापर लिहा. सुनावणीत मुख्याधिकारी होते. नगरपंचायतीचा कारभार पाहणारा हा सरकारी अधिकारी. तरुण, सभ्य, स्वच्छ मराठी बोलणारा. कुणावर आवाज चढवताना मी त्यांना पाहिलं नाही. त्यांनी विचारलं, "अर्धी जागा तर मोकळीच असते ना? तिचा उपयोग काय?"

दत्ता म्हणाला, "बघायला लागते."

"काय बघायला?"

"क्येलेलं काम."

समितीतले एक नगरसेवक म्हणाले, "बघायला एवढी जागा? आमच्या बायकोला आख्खी साडी बघायला दोन फूट पुरतात." पुन्हा हशा. मुख्याधिकारी हसले नाहीत. त्यांनी शांतपणे सांगितलं, की समिती जागेवर येऊन पाहील आणि मगच निर्णय होईल. मला तेव्हा वाटलं, हा माणूस ऐकतो आहे. स्थळपाहणी म्हणजे हरकत घेणाऱ्याला मिळणारी सगळ्यात चांगली संधी. कागदावर जे मांडता येत नाही ते डोळ्यांना दिसतं. जमिनीवर ताणलेला ओला पडदा, उकळणारा सरस, बांबूचे ब्रश, छताला दोर, भिंतीवर वर्षानुवर्षं उडालेले रंग. दुसऱ्या पुराव्याची गरज नव्हती.

पाहणीच्या दिवशी मी वेळेवर पोहोचले आणि दारातच थांबले.

गिरणी रिकामी होती. पडदे गुंडाळून टेंपोने कडावला दत्ताच्या मेव्हण्याकडे पाठवले होते. डबे, शेगड्या, ब्रश, बांबू, काही नव्हतं. जमीन धुऊन काढली होती. भिंतींना ताजा चुना. दारात रांगोळी, केळीचे खुंट, मंगल कार्यालयातून आणलेल्या लाल खुर्च्या, समोर सतरंजी. टेबलावर नारळ, शाली, हार. दत्ता तोच इस्त्रीचा शर्ट घालून उभा होता आणि त्याचा चेहरा लग्नघरच्या यजमानासारखा झाला होता.

ठमी बाहेर ओट्यावर बसली होती. मला बघून उसळली. "सांगा वो ताई ह्याला! काल रातपासनं घसा सुकला माजा. म्हनलं, नाना, निदान रंगाची चार भांडी तरी ऱ्हाऊ दे. सायेब काय बघनार, सतरंजी?"

"घानीत बसवू व्हय सायबांना?" दत्ता आतून ओरडला. "पहिल्यांदा येतायत माज्या दारात. तुला नाय कळायचं, ठमे. मान ठेवल्याबिगर मान मिळत नाय."

याला मूर्खपणा म्हणणं सोपं आहे. मी त्या दिवशी मनात तो शब्द वापरला होता. पण या भागातल्या कुणाही माणसाने हेच केलं असतं. पाहुणा येणार म्हटल्यावर आपण घरातलं काम दिसू देत नाही. दळण झाकतो, वाळत घातलेले कपडे काढतो, पोराला नाक पुसायला सांगतो. दत्ताने आपल्या बाजूने सगळ्यात चांगलं ते केलं होतं. तेवढ्या वेळात पडदे परत आणणं शक्य नव्हतं. जीप दारात आली होती.

समिती आली. हार झाले, शाली झाल्या. मुख्याधिकाऱ्यांनी नारळ दोन्ही हातांनी घेतला. चहा झाला. मग ते उठून आत फिरले.

"काम कुठे चालतं?"

"हितंच, सायेब."

"आता तर काही दिसत नाही."

"तुमच्यासाठीच आवरलं, सायेब! आख्खी रात लागली."

"छान आवरलंत," मुख्याधिकारी म्हणाले. ते वर बघत होते. छप्पर पेलणाऱ्या लोखंडी कैच्यांना पडदा ओढायचे दोर तसेच लटकत होते. तिथवर दत्ताचा हात पोहोचला नव्हता. चुन्याखालून भिंतीवरचे हिरवे-निळे डाग दिसत होते. मी त्यांच्या शेजारी उभी होते. ते मला दिसले, म्हणजे त्यांनाही दिसले. ठमी आत आली आणि सरळ त्यांच्यासमोर दोन्ही तळहात धरले. नखांत रंग होता. "ह्ये बघा, सायेब. ह्ये नाय निगालं धुवून." त्यांनी हातांकडे पाहिलं, मान हलवली आणि नमस्कार केला.

पाहणीच्या टिपणात लिहिलं गेलं: पाहणीवेळी इमारत रिकामी आढळली. कोणतेही काम चालू असल्याचे दिसून आले नाही. जागेचा वापर समारंभांसाठी होत असल्याचे दिसते. सबब हरकत फेटाळण्यात यावी.

मी त्यांच्या केबिनमध्ये गेले. मागच्या कपाटावर गिरणीत मिळालेली शाल घडी करून ठेवली होती. मी विचारलं, "तिथे काय चालतं हे तुम्हाला माहीत आहे. सुनावणीत ऐकलंत, त्यांनी तुमच्यासाठी आवरलं हेही ऐकलंत, दोर पाहिलेत. मग हे कसं लिहिलं?"

"मॅडम, जे दिसलं ते लिहिलं. तुम्ही पण तेच करता ना?"

हे वाक्य त्यांनी उद्धटपणे म्हटलं नव्हतं. दोन व्यावसायिक माणसं एकमेकांशी बोलतात तसं म्हटलं होतं. मी उत्तर दिलं ते इथे लिहिते, कारण तेव्हा ते छापून आलं नाही. आम्ही जे दिसतं ते लिहितो आणि ते तसं का दिसतंय हे विचारतो. तुम्हाला कारण सांगितलं गेलं होतं. तुमच्या तोंडावर, त्यांचाच चहा पिऊन तुम्ही उठल्यावर. ते टिपणात का नाही?

"ते तोंडी होतं," मुख्याधिकारी म्हणाले.

वर्तमानपत्रात राग येऊ द्यायचा नाही असं आम्हाला शिकवलं होतं. विशेषणं काढून टाका, क्रियापदं साधी ठेवा, दोन्ही बाजू घ्या. मी तेच केलं. दोन्ही बाजू घेतल्या. एका बाजूला टिपण होतं, दुसऱ्या बाजूला दत्ता पेंटरचं म्हणणं. छापलेल्या बातमीत दोन्हींना सारख्याच ओळी मिळाल्या आणि वाचणाऱ्याला वाटलं, असेल बाबा, दोघांचंही थोडं खरं असेल. एका बाजूचं सगळं खरं होतं आणि दुसऱ्या बाजूचं प्रत्येक वाक्य खरं असून एकूण खोटं होतं. हे लिहायला तालुक्याच्या पानावर जागा नसते. या दिवाळी अंकात आहे म्हणून लिहिलं.

आराखडा मंजूर झाला. त्याच्या प्रस्तावनेत 'कलाकारांना पाठबळ' असं स्वतंत्र प्रकरण होतं. मुखपृष्ठावर कळंबच्या कलाग्रामाचा फोटो होता.

गिरणी रिकामी करण्याच्या नोटिसा आल्या. दत्ताने वकील केला, तारखा पडल्या, तात्पुरती स्थगिती मिळाली आणि उठली. मधल्या काळात काम चालूच होतं. जत्रा कोर्टाच्या तारखांसाठी थांबत नाहीत. कडावकडच्या एका गावाने जंगल मागितलं होतं. ठमीने ते गिरणी पाडायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पुरं केलं. जेसीबी आली तेव्हा पडदा गिरणीच्या जमिनीवर खिळे ठोकलेला होता आणि ओला होता.

बंदोबस्ताला आलेल्या हवालदाराने सांगितलं, "बाई, गुंडाळा आणि घ्या बाहेर."

"वला हाय."

"मग घडी घाला."

"आरं दादा, वला पडदा घडी क्येला की झाड झाडाला चिकाटतं. परत सोडवाया गेलं की नुसता चिखल. नाटक परवा हाय त्यांचं."

"मला वरून ऑर्डर आहे."

"मलापन हाय. गावाची हाय."

दत्ता एका बाजूला गप्प बसला होता. त्याला गप्प बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. जेसीबीचा ड्रायव्हर पनवेलकडचा पोऱ्या होता, त्याने इंजिन बंद केलं, खाली उतरला, आत डोकावला आणि म्हणाला, "आयला, हातानं काडलंय हे?" मग हवालदाराला म्हणाला, "मी जेवून घेतो. तुमी तेवढ्यात काय ते करा." सकाळची वेळ होती, जेवायची नव्हती.

खिळे काढले. दोन टोकांना बांबू घातले. पण तीस फुटांचं ओलं कापड मध्ये झोळ खातं आणि झोळात रंग गोळा होतो. म्हणून माणसं खालून शिरली. बाजारात बातमी गेली होती. भाजीवाल्या आल्या, रिक्षावाले आले, शाळेसमोरचा झेरॉक्सवाला आला. हात वर करून कापड तळव्यांवर धरलं. जरा वेळाने हवालदारही एका कोपऱ्याला होता. तेव्हा दत्ताला कंठ फुटला. "ए मिशीवाल्या! बोटं काड, बोटं! सहीवर हात पडला ना तुजा तर बघ!"

"नाना, सहीची काळजी कर तू," ठमी कापडाखालून ओरडली. "झाडांची मी करते."

पडदा रस्त्यावर आला. आता तो ठेवायचा कुठे हा प्रश्न होता, आणि ऊन चढत होतं. थेट उन्हात सरस तडकतो. सावली हवी होती, सपाट जमीन हवी होती, तीस फूट हवे होते. मंगल कार्यालयात लग्न होतं. शाळेच्या हॉलला कुलूप, किल्ली मुख्याध्यापकांकडे, मुख्याध्यापक अलिबागला. हात अवघडायला लागले होते. कुणीतरी म्हणालं, नगरपंचायतीत गाड्या उभ्या करायची पत्र्याची शेड आहे.

अख्ख्या शहरात एवढी मोठी, सावलीची, सपाट सार्वजनिक जागा तीच होती. साहेबांच्या गाडीसाठी बांधलेली.

गाडी ड्रायव्हरने बाहेर काढली. पडदा खाली अंथरला. मुख्याधिकारी जिना उतरून आले. आवाज तसाच शांत होता. "हे इथे चालणार नाही. ही पार्किंगची जागा आहे. जागेचा वापर असा बदलता येत नाही."

ठमीच्या कोपरापर्यंत हिरवे ओघळ आले होते. ती म्हणाली, "बरं सायेब. मंग आमचा वापर कुटं हाय? तुमच्या नकाशात दावा. तितं न्हेते."

नकाशा जिन्याखाली होता. मुख्याधिकारी खरंच तिकडे गेले. मीच टॉर्च धरला. त्यांनी बोट ठेवलं. "हे बघा. कलाभवन. तुमच्याचसाठी आहे हे."

"ह्यो तर गिरनीचा चौकोन."

"हो. तिथेच होणार."

"कवा?"

"निधी मिळाला की. तीन-चार वर्षं धरा."

"तवर ह्ये वलंच ठेवू?"

मुख्याधिकाऱ्यांनी नकाशावरचं बोट काढलं. ते वर गेले. थोड्या वेळाने शिपाई खाली आला आणि म्हणाला, साहेबांनी संध्याकाळपर्यंतची परवानगी दिली आहे, तोंडी.

दुपार टळता टळता पडदा सुकला. गुंडाळून टेंपोत घातला, गावाला गेला, नाटक झालं. गिरणी त्याच दिवशी पडली. त्या जागेवर आज पत्र्याचं कुंपण आहे आणि आत गवत आहे; निधी आलेला नाही. दत्ता पेंटर मुलाकडे बदलापूरला राहतो आणि फोनवर या विषयावर बोलत नाही. ठमी कळंबला एका रिसॉर्टवर चादरी धुते.

तिला भेटायला गेले तेव्हा ती चादरी वाळत घालत होती. म्हणाली, अजून फोन येतात. गावोगावचे लोक विचारतात, ठमीबाई, जंगल पाहिजे होतं.

"मी नाय म्हनतच नाय, ताई. म्हनते, देते की. जागा दावा."

"मग?"

"मंग बघतो म्हनतात नि ठेवतात."